शब्दांचे गाव

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल पर्वात आपण मला या व्यासपीठावर पाचारण केलेत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा मनःपूर्वक ऋणी आहे. मी कोणी पंडित नव्हे. मराठी माध्यमाच्या शाळेत बत्तीस वर्षे इंग्रजी शिकविले आणि निवृत्तीनंतर आपल्या वसतिगृहातील मुलांचा दर रविवारी तासभर वर्ग घेतो, एवढीच माझी पात्रता. या व्याख्यानमालेत आजवर अनेक गंभीर विषयांवर चिंतन झाले. त्या पंक्तीत ‘लोकप्रिय गीतांतून इंग्रजी’ हा विषय काहीसा हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु या विषयानेच मला आयुष्यात दोनदा अंतर्मुख केले. एकदा माझ्या शेजारच्या अक्कांनी, आणि एकदा माझ्याच एका विद्यार्थ्याने. त्या दोघांकडून मी जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजचा हेतू आहे.

अक्कांचा प्रश्न

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण जुन्या सातवीपर्यंतचे. मुलगा आणि सून अमेरिकेत. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल येतो. काही वर्षांपूर्वी एका डिसेंबरात त्या वही-पेन्सिल घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, नातू फोनवर गाणं म्हणतो आणि मी नुसती मान डोलावते. त्याला वाटतं आजीला कळतंय. तो काय म्हणतोय ते मला एकदा कळू द्या. मान डोलावून आता कंटाळा आला.”

त्या वाक्याने मी चपापलो. शाळेत मुलांना इंग्रजी का शिकवितो, असे कोणी विचारले असते तर मी नोकरी, उच्चशिक्षण, स्पर्धा अशी उत्तरे दिली असती. घरातले एक नाते मुके होत आहे, ते बोलके व्हावे, हे कारण माझ्या यादीत नव्हते. आज आपल्या कितीतरी घरांत हीच स्थिती आहे. आजी-आजोबांची भाषा एक, नातवंडांची दुसरी. आणि मध्ये मान डोलावणे.

नातू म्हणत होता ते ‘जिंगल बेल्स’. हे गीत बोस्टनमध्ये जन्मलेल्या जेम्स लॉर्ड पियरपॉन्ट यांनी रचले आणि ते 1857 साली प्रसिद्ध झाले. त्याचे मूळ नाव ‘वन हॉर्स ओपन स्ले’ असे होते. आज सारे जग हे गीत नाताळचे म्हणून गाते, परंतु त्यात नाताळचा उल्लेख एकदाही नाही. बर्फावरून घोड्याची गाडी पळविण्याच्या तरुणांच्या आनंदाचे ते गीत आहे.

‘स्ले’ या शब्दापाशी आम्ही थांबलो. शब्दकोश सांगतो, ‘बर्फावर घसरत जाणारी गाडी’. अक्कांना काही बोध होईना. ज्यांनी बर्फ केवळ सरबतात पाहिला, त्यांना कसा व्हावा? मग मी सांगितले, की त्या प्रदेशात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फाचा थर जमतो. चाके रुततात, म्हणून गाडीची चाके काढून खाली लांब गुळगुळीत पट्ट्या बसवितात. अशी गाडी धावते ती आवाज न करता. समोरून येणाऱ्याला ती ऐकूच येत नाही. म्हणून घोड्याच्या साजाला घंट्या बांधण्याची प्रथा पडली.

अक्कांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, “म्हणजे आपल्या बैलांच्या गळ्यातली घुंगुरमाळ!”

अगदी तेच. अंधारात गाडीवाटेवर समोरच्याला चाहूल लागावी म्हणून बैलाच्या गळ्यात घुंगरे, आणि बर्फावर चाहूल लागावी म्हणून घोड्याच्या साजाला घंट्या. दोन खंड, दोन ऋतू, दोन जनावरे. गरज मात्र एकच. ज्या क्षणी अक्कांना हे उमगले, त्या क्षणी तो शब्द त्यांचा झाला. तो त्यांना पाठ करावा लागला नाही.

कानाने शिकण्याची आपली परंपरा

श्रोतेहो, गाऊन शिकणे ही काही पाश्चात्त्यांकडून घेतलेली नवी पद्धत नव्हे. आपल्या घरांतील लहान मुले विभक्ती किंवा समास शिकण्यापूर्वी भक्तामर स्तोत्र म्हणू लागतात. वसंततिलका वृत्ताची चाल कानात बसते आणि चालीच्या आधाराने संस्कृत शब्द जिभेवर स्थिर होतात. अर्थ मागाहून, वडीलधाऱ्यांच्या किंवा स्वाध्यायाच्या साहाय्याने कळतो. गीताची शक्ती येथेच आहे. ठेका आणि यमक स्मरणाला आधार देतात, पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही, आणि शब्द सुटा न येता वाक्यासह, उच्चारासह, भावासह येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतील वाक्ये आम्ही घोकून घोकून विसरलो, पण ऐकलेले गाणे विसरलो नाही, हा माझ्या पिढीचा अनुभव आहे.

परंतु याच परंपरेने एक इशाराही दिलेला आहे. अर्थ न जाणता केलेले पठण अपुरे असते. स्तोत्राच्या बाबतीत आपण हे मान्य करतो. मग परभाषेतील गीताच्या बाबतीत अर्थाची उपेक्षा का करावी? आणि अर्थ म्हणजे केवळ शब्दकोशातील प्रतिशब्द नव्हे. प्रत्येक शब्दाला एक गाव असते. तो कोठे जन्मला, कोणाच्या तोंडी वाढला, कोणत्या दुःखातून किंवा आनंदातून गेला, हे कळल्याशिवाय तो शब्द आपल्या घरी राहायला येत नाही; पाहुण्यासारखा येतो आणि परीक्षा संपताच निघून जातो.

चांदणे नव्हे, हातभट्टी

शब्दाचे गाव न पाहता अर्थ लावला की काय गंमत होते, त्याचा एक अनुभव सांगतो. वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांनी ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ हे गीत बसविले. 1971 साली जॉन डेन्व्हर यांनी गाऊन लोकप्रिय केलेले हे गीत बिल डॅनॉफ, टॅफी निव्हर्ट आणि स्वतः डेन्व्हर यांनी रचले. गावाकडच्या रस्त्याची ओढ हा त्याचा विषय. त्यामुळे घरापासून दूर राहणाऱ्या आमच्या मुलांना ते फार आवडले. एका मुलाने प्रास्ताविकात त्याचा भावार्थ मोठ्या अलंकारिक भाषेत सांगितला. त्यात ‘मूनशाइन’ या शब्दाचा अर्थ त्याने ‘चांदण्याची गोडी’ असा केला. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या, कारण त्या वेळी त्याला थांबविणे बरे दिसले नसते.

‘मूनशाइन’ म्हणजे चोरून गाळलेली दारू. आपल्याकडची हातभट्टी. अपालाचियन पर्वतराजीतील शेतकरी मक्यापासून दारू गाळीत. 1791 साली अमेरिकी शासनाने मद्यावर कर बसविला, तेव्हा त्याविरुद्ध पश्चिम पेनसिल्व्हेनियात 1794 मध्ये बंडाळी झाली. पुढे 1920 ते 1933 या काळात संपूर्ण देशात दारूबंदी होती. कर चुकविण्यासाठी आणि बंदी मोडण्यासाठी हे काम रात्री, चंद्रप्रकाशात चाले. त्यावरून हे नाव पडले. म्हणजे एका शब्दात डोंगराळ भागाचे दारिद्र्य, कर, बंदी आणि पोलिसांची भीती एवढा इतिहास सामावलेला आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना हे सांगितले, तेव्हा हशा पिकला. पण एका मुलाने गंभीरपणे विचारले, “सर, मग हे गाणं आपण म्हणायचं की नाही?” प्रश्न योग्य होता. मी त्याला म्हणालो, की ज्याचा अर्थ कळला आहे, त्यालाच म्हणायचे की नाही हे ठरविता येते. न कळता म्हणणाऱ्याला निवड नसते. मुलांनी आपसात चर्चा केली आणि पुढच्या वर्षी दुसरे गीत निवडले. त्या निर्णयाइतकीच मला त्यामागील चर्चा महत्त्वाची वाटली.

भूगोलाचा एक धडाही येथे मिळाला. गीत वेस्ट व्हर्जिनिया राज्याचे गुणगान करते, आणि 2014 साली त्या राज्याने ते आपल्या अधिकृत राज्यगीतांत समाविष्ट केले. मुलांनी नकाशा काढून पाहिला, तर गीतात आलेले ब्लू रिज पर्वत आणि शेनान्डोआ नदी यांचा बहुतेक भाग शेजारच्या व्हर्जिनियात निघाला. मग प्रश्न आला, एकाच नावाची दोन राज्ये का? उत्तर शोधता शोधता मुले अमेरिकेच्या यादवी युद्धापर्यंत आणि 1863 साली व्हर्जिनियातून फुटून झालेल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या निर्मितीपर्यंत पोहोचली. इतिहासाच्या पुस्तकाने हे काम कदाचित केले नसते.

सोळा टन कोळसा आणि आपल्याकडची उचल

सर्वच गीतांचे गाव इतके रम्य नसते. ‘सिक्स्टीन टन्स’ हे गीत केंटकी राज्यातील मर्ल ट्रॅव्हिस यांनी 1946 साली ध्वनिमुद्रित केले. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत काम करीत. 1955 मध्ये टेनेसी अर्नी फोर्ड यांनी ते पुन्हा गायिले आणि ते अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले.

या गीतात ‘कंपनी स्टोअर’ असा शब्दप्रयोग येतो. दोन्ही शब्द आपल्या पाचवीच्या मुलांनाही ठाऊक असतात. कंपनी म्हणजे कंपनी, स्टोअर म्हणजे दुकान. तरीही अर्थ कळत नाही. कारण हा अर्थ शब्दांत नाही, व्यवस्थेत आहे. खाणमालक कामगाराला पुष्कळदा रोख वेतन देत नसत. ‘स्क्रिप’ नावाची चलनासारखी नाणी किंवा कागद देत. ती केवळ त्याच मालकाच्या दुकानात चालत. दुकानातील भाव मालकच ठरवी. वेतन कोळशाच्या वजनावर. अमेरिकी मापाने सोळा टन म्हणजे सुमारे साडेचौदा हजार किलो. एवढा कोळसा भरूनही महिन्याच्या अखेरीस दुकानाची उधारी वेतनापेक्षा अधिक होई. माणूस काम करी आणि कर्जात रुते. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, आणि उरलेले आयुष्यही कंपनीचे.

मी वर्गात हे सांगत असताना मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. तो बीडकडचा; आई-वडिलांबरोबर लहानपणी ऊसतोडीच्या फडावर राहिलेला. तो म्हणाला, “सर, ही आमची उचलच की.”

वर्ग शांत झाला. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांवर ऊस तोडायला येणारी जोडपी हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर मिळते. आणि हंगाम संपताना पुष्कळदा उचल फिटलेली नसते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. कोळसा काळा आणि ऊस हिरवा, एवढाच भेद. वजन, कर्ज आणि पुन्हा वजन, हे चक्र तेच.

त्या दिवशी तो मुलगा इंग्रजीच्या तासाला प्रथमच स्वतःहून बोलला. तोपर्यंत इंग्रजी ही त्याच्या दृष्टीने शहरातल्या, चांगल्या कपड्यांतल्या मुलांची भाषा होती. त्या भाषेतही आपल्या बापासारखी माणसे रडली आहेत, गायिली आहेत, हे त्याला समजले आणि भाषेची भीती अर्धी उतरली. मित्रहो, मराठी माध्यमातील मुलांना इंग्रजी कठीण वाटते, त्याचे कारण केवळ व्याकरण नाही. ती भाषा आपली नव्हे, आपल्यासाठी नव्हे, हा समज अधिक जड असतो. योग्य गीत हा समज हलका करू शकते.

माझी चूक

आता ज्या विद्यार्थ्याचा मी आरंभी उल्लेख केला, त्याच्याविषयी. हा मुलगा आपल्याच वसतिगृहातील. गाण्याचे वेड विलक्षण. शेकडो इंग्रजी गीते त्याला मुखोद्गत होती आणि त्याचे उच्चार इतके स्वच्छ होते, की मी इतर मुलांना त्याचे उदाहरण देत असे. पदवीनंतर त्याने एका कंपनीत अर्ज केला. पुढे मुलाखतीतही तो मोकळेपणाने बोलला. नोकरी मिळाली नाही. अधिकाऱ्यांनी त्याचा अर्ज त्याच्यापुढे सरकविला. त्यात ‘गॉना’, ‘वॉना’, ‘एन्ट’ असे शब्द जागोजाग होते. “ही भाषा कोठे शिकलात?” असे विचारून ते हसले.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाला, “सर, गाण्यात तर असंच आहे. मग गाणं चूक, की मी चूक?”

दोघेही चूक नव्हते. चूक माझी होती. मी त्याला शब्द दिले, पण कोणता शब्द कोठे चालतो हे सांगितले नाही. आपण घरात जे वस्त्र वापरतो, ते नेसून पूजेला उभे राहत नाही. तेथे धूतवस्त्र लागते. म्हणून घरातले वस्त्र वाईट ठरत नाही. त्याचे स्थान वेगळे, इतकेच. आपणही बोलताना ‘येतोय’, ‘पायजे’ म्हणतो. अर्जात मात्र ‘येत आहे’, ‘पाहिजे’ असे लिहितो. हा विवेक मातृभाषेत आपोआप येतो, परभाषेत तो शिकवावा लागतो.

‘एन्ट’ हा शब्द अडाण्यांचा, असे म्हणणेही बरोबर नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये तो सर्रास बोलला जात होता. पुढे व्याकरणकारांनी त्याला बहिष्कृत केले, तरी तो सामान्य जनांच्या तोंडी टिकला. दुहेरी नकाराचेही तसेच. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 1965 सालच्या सुप्रसिद्ध गीताच्या शीर्षकातच दोन नकार आहेत: ‘कान्ट गेट नो सॅटिस्फॅक्शन’. शाळेतील नियमाप्रमाणे दोन नकारांचा होकार होतो. येथे मात्र नकार अधिक ठसतो. चौदाव्या शतकातील कवी चॉसर यांच्या इंग्रजीतही असे दुहेरी नकार आढळतात. म्हणजे गीत व्याकरण मोडते असे नव्हे. ते वेगळ्या वस्तीतले व्याकरण पाळते. विद्यार्थ्याला दोन्ही वस्त्या माहीत हव्यात आणि कोणत्या वस्तीत आपण उभे आहोत याचे भानही हवे.

त्या मुलाबरोबर बसून मी तो अर्ज पुन्हा लिहिला. पुढे त्याला दुसरीकडे नोकरी लागली. परंतु त्या दिवसापासून मी वर्गात एकही गीत लिखित इंग्रजीशी तुलना केल्याशिवाय शिकविलेले नाही.

‘आम्ही’ आणि ‘आपण’

शाळाशाळांतून आपण ‘हम होंगे कामयाब’ गातो. हिंदी कवी गिरिजाकुमार माथुर यांनी केलेले हे रूपांतर ‘वी शॅल ओव्हरकम’ या गीताचे आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. मूळ गीताचा प्रवास मात्र फारसा सांगितला जात नाही.

त्याचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भजनांत आहे. तेथे ते ‘मी’चे गीत होते; एकट्या भक्ताचे, ईश्वराशी बोलणारे. 1945-46 मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन येथील सिगार कारखान्यातील कामगारांनी संप केला. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. दिवसभराच्या पहाऱ्यानंतर त्या हे गीत म्हणत, आणि त्यांच्या मुखी ‘मी’चे ‘आम्ही’ झाले. तेथून ते टेनेसीतील हायलँडर फोक स्कूल या संस्थेत गेले. तेथे झिल्फिया हॉर्टन यांनी ते शिकविले, आणि लोकगायक पीट सीगर यांच्या परिवारात ‘विल’चे ‘शॅल’ झाले; गाताना तोंड अधिक उघडते म्हणून. 1963 च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन येथील ऐतिहासिक मोर्चात जोन बाएझ यांनी ते गायिले.

मी मुलांना विचारतो, या गीतातील ‘वी’चे मराठी काय? मुले पटकन म्हणतात, ‘आम्ही’. मग मी विचारतो, ‘आपण’ का नाही? इंग्रजीत जो भेद नाही तो मराठीत आहे. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. चार्ल्सटनच्या त्या स्त्रिया मालकाला ऐकवीत होत्या, तेव्हा तो ‘वी’ बहुधा ‘आम्ही’ होता. पुढे 7 मार्च 1965 रोजी अलाबामातील सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्या शांततामय मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. 15 मार्च रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन संसदेपुढे उभे राहिले आणि त्यांनी आपल्या भाषणात याच गीताचे शब्द उच्चारले. गोऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या तोंडी ते शब्द आले, त्या क्षणी ‘आम्ही’चे ‘आपण’ झाले. त्याच वर्षी 6 ऑगस्ट रोजी मताधिकाराच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. एका सर्वनामाच्या या प्रवासात एका देशाच्या संघर्षाचा इतिहास आहे.

आणि ‘ओव्हरकम’? या क्रियापदाला गीताच्या शीर्षकात कर्म नाही. कोणावर मात करायची, ते सांगितलेले नाही. मनुष्यावर नव्हे, हे मात्र त्या चळवळीच्या आचरणातून स्पष्ट होते. आपल्याला हा अर्थ परका वाटू नये. ‘जिन’ हा शब्द ‘जिंकणे’ या अर्थाच्या ‘जि’ धातूपासून आला आहे, आणि जिनांनी जिंकले ते कोणा शत्रूला नव्हे, स्वतःच्या रागद्वेषांना, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला बालपणापासून माहीत आहे. वर्गातील मुलांना मी हे सांगितले, तेव्हा ‘ओव्हरकम’चा अर्थ पुन्हा विचारावा लागला नाही.

अक्षता आणि एकाकीपण

एक गीत मी मुलांना उशिरा शिकवितो, कारण ते प्रौढांचे आहे. बीटल्स या लिव्हरपूलच्या चौघांचे ‘एलेनॉर रिग्बी’, वर्ष 1966. त्यात त्यांची नेहमीची गिटार आणि ढोल नाहीत. चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो अशी आठ तंतुवाद्ये आहेत. एकट्या राहणाऱ्या एका स्त्रीची ती कथा आहे. चर्चमध्ये दुसऱ्या कोणाचा विवाह होऊन गेलेला असतो आणि ती तेथे पडलेले तांदूळ वेचते.

इंग्लंडमध्ये नवदांपत्यावर तांदूळ उधळण्याची प्रथा आहे, हे ज्याला माहीत नाही, त्याला वाटेल की ती भुकेपोटी धान्य गोळा करीत आहे. आपल्याला मात्र समजावून सांगावे लागत नाही. आपण तर अक्षतांच्या देशातले. मंगलाष्टके संपली, मांडव रिकामा झाला, आणि कोणी एकटी स्त्री परक्याच्या लग्नातील अक्षता वेचीत आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. ‘लोन्ली’ या शब्दाचा याहून चांगला अर्थ कोणता शब्दकोश देईल?

येथे मी मुलांकडून तीन शब्द वेगळे करून घेतो. ‘अलोन’ म्हणजे एकटा. ती केवळ स्थिती. ‘सॉलिट्यूड’ म्हणजे एकांत. तो साधक स्वतः निवडतो. ‘लोन्ली’ म्हणजे एकाकी, ते दुःख. बारा भावनांतील एकत्व भावनेचे चिंतन करणारा साधक एकटा असतो, पण एकाकी नसतो. आणि भरल्या घरात, हातात फोन घेऊन, न कळणाऱ्या शब्दांना मान डोलावणारी आजी एकटी नसते, पण एकाकी असू शकते.

काय करता येईल

आता थोडे व्यवहाराचे. ज्या घरांत हा प्रयोग करावयाचा आहे, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातील चार सूचना.

पहिली, गीत निवडताना स्पष्ट उच्चाराचे, संथ गतीचे आणि काही कथा सांगणारे निवडावे. सर्वच लोकप्रिय गीते घरात सर्वांनी मिळून ऐकण्याजोगी नसतात. म्हणून आधी वडीलधाऱ्यांनी अर्थ पाहावा, मग मुलांना द्यावे.

दुसरी, प्रथम शब्द न वाचता दोनदा ऐकावे आणि जे ऐकू येईल ते लिहावे. मग छापील शब्दांशी ताडून पाहावे. आपण जेथे चुकतो, नेमके तेथेच शिकतो.

तिसरी, एका गीतातून पाच-सहाच शब्द घ्यावेत, पण प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत: हा शब्द कोण बोलतो? कोठे बोलतो? आपल्याकडे याच्या जवळचे काय आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जेथे ‘काहीच नाही’ असे येईल, तेथे विशेष थांबावे. तेथे खरे नवे ज्ञान असते.

चौथी, प्रत्येक शब्दापुढे तो अर्जात चालेल की केवळ गाण्यात, याची खूण करावी. माझ्या विद्यार्थ्याने भोगले ते इतरांनी भोगू नये.

यासाठी खर्च नाही. ट्रस्टच्या वाचनालयात एक मोठा शब्दकोश, एक जगाचा नकाशा आणि आठवड्यातून एक तास, एवढे पुरेसे आहे. त्या तासाला मुलांबरोबर आजी-आजोबांनीही बसावे, ही माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.

समारोपापूर्वी अक्कांकडे पुन्हा येतो. ‘स्ले’चा अर्थ कळल्यानंतरच्या रविवारी त्यांनी मान डोलावली नाही. नातवाचे गाणे संपल्यावर त्यांनी त्याला विचारले, “तुमच्या घोड्याला घंट्या का बांधतात, ठाऊक आहे का?” त्याला ठाऊक नव्हते. त्यांनी सांगितले आणि मग म्हणाल्या, “आपल्या बैलाला घुंगुरमाळ असते.” त्याने विचारले, “घुंगुरमाळ म्हणजे काय?”

त्या दिवशी पंचेचाळीस मिनिटे बोलणे झाले. पुढे एका जूनमध्ये सुट्टीला तो आला, तेव्हा अक्कांनी त्याला बेंदराला गावी नेले आणि सजविलेल्या बैलाच्या गळ्यातील माळ त्याच्या हातात दिली. तो ती हलवून पाहत होता आणि तो शब्द आपल्या अमेरिकी उच्चारात पुन्हा पुन्हा म्हणत होता. अक्का इंग्रजी शिकायला निघाल्या होत्या. नातू मराठी शिकून गेला. दुसऱ्याच्या शब्दाच्या गावी आदराने जाऊन आले, की तोही आपल्या गावी येतो, हेच मला आज सांगावयाचे होते.